मसाल्यांची लेबलं आणि वेबसाइटची चित्रं, दोन्हींसाठी जुन्या लॅपटॉपवर चालेल असा व्हेक्टर (म्हणजे रेषा आणि आकारांनी चित्र काढणारा) प्रोग्रॅम कोणता? इंकस्केप पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे, कोरलड्रॉ विकत घेणं सध्या जमणार नाही आणि तीन मसाल्यांची लेबलं, लोगो, वेबसाइटची चित्रं हे सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये करायचंय. मी सांगलीत अशीच कामं बरीच वर्षं इंकस्केपवर करतोय. माझं मत असं: वेबसाइटसाठी इंकस्केप बेलाशक घ्या. डिजिटल प्रिंटलाही पुरतो. लेबलं ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा बनवून मोठ्या संख्येने छापायची असतील, तर जोडीला स्क्रायबस हा छपाईची पानं मांडण्याचा प्रोग्रॅम शिकावा लागेल. दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत.

प्रोग्रॅम पारखताना बहुतेक जण त्यात किती टूल्स आहेत ते बघतात. मी फाइल बाहेर पडताना तिचं काय होतं ते बघतो. चित्र पडद्यावर सगळीकडेच चांगलं दिसतं. ब्राउझरमध्ये आणि छापखान्यात ते तसंच राहतं का, हा खरा प्रश्न आहे. आपल्यासाठी त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे तो अक्षरांचा.

म्हणून कुठलाही प्रोग्रॅम उघडला की मी आधी एक ओळ टाइप करतो: ‘दुसऱ्या कृष्णाची शुद्ध श्रद्धा, ऱ्हस्व ज्ञान, राष्ट्र, हृदय’. अर्थ बघू नका. दुसऱ्यातला चंद्रकोरीसारखा र, द्ध, ष्ट्र, हृ, सगळं एका ओळीत तपासून होतं. एका नामवंत, विकतच्या प्रोग्रॅममध्ये याच ओळीतली जोडाक्षरं सुटी झाली होती आणि वेलांट्या भलत्याच जागी गेल्या होत्या. बाकी तो प्रोग्रॅम देखणा होता, पण मराठी लेबलासाठी माझ्या उपयोगाचा नव्हता. इंकस्केप अक्षरं जुळवण्यासाठी पँगो आणि हार्फबझ या लायब्रऱ्या वापरतो. त्यातली हार्फबझ क्रोम आणि फायरफॉक्समध्येही आहे. त्यामुळे युनिकोड फॉन्टमधलं मराठी ब्राउझरमध्ये जसं दिसतं, तसंच ते इथेही दिसतं. फॉन्टसाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ बघा. पारंपरिक छपाईसारखं वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा ल ‘लसूण चटणी’वर दिसला की मला तरी चुकल्यासारखं वाटतं.

आता लॅपटॉप. इंकस्केप फार हलका आहे असं मी म्हणणार नाही, पण ४ जीबीवर लेबलाचं काम नक्की होतं. तो जड होतो तीन कारणांनी. पहिलं कारण फॉन्ट. डीटीपीवाल्या ओळखीच्या माणसाकडून शेकडो फॉन्टचं फोल्डर घेऊन सगळे बसवले असतील, तर प्रोग्रॅम सुरू होतानाच अडखळतो. लागतील तेवढे दहा-पंधरा ठेवा. दुसरं कारण ब्लर आणि मऊ सावल्या. तिसरं, फोटो ट्रेस करून, म्हणजे प्रोग्रॅमकडून आपोआप रेषांत बदलून केलेली चित्रं. मिरचीचा फोटो ट्रेस केला की हजारो नोड (रेषेला वळण देणारे बिंदू) तयार होतात आणि लॅपटॉप गुदमरतो. तीच मिरची पेन टूलने हाताने काढली, तर दहा-बारा नोडमध्ये होते आणि जास्त सुबकही दिसते. मी पहिल्या वर्षी ट्रेसच्या मागे होतो, आता लोगोसुद्धा हाताने काढतो. काम अडलंच तर व्ह्यू मेनूतला आउटलाइन मोड लावा, रंग जातात आणि फक्त रेषा उरतात.

वेबच्या बाजूला इंकस्केप घरचाच आहे, कारण त्याची मूळ फाइलच एसव्हीजी, म्हणजे ब्राउझरला थेट कळणारी व्हेक्टर फाइल आहे. हा प्रोग्रॅम २००३ साली सोडिपोडी नावाच्या जुन्या प्रोग्रॅममधून फुटून निघाला. आजही त्याची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडलीत तर आत ‘सोडिपोडी’ हा शब्द सापडतो. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कामाच्या अशा नोंदी ब्राउझरला नको असतात. म्हणून कामाची फाइल इंकस्केप एसव्हीजी म्हणून जपा आणि वेबसाइटवर टाकायची प्रत ऑप्टिमाइझ्ड एसव्हीजी म्हणून वेगळी काढा. अक्षरांचं मात्र सांभाळा. एसव्हीजी साध्या चित्रासारखी पानावर लावली, की ती बाहेरचा फॉन्ट मागवू शकत नाही. तुमच्या लॅपटॉपवर बलूमध्ये दिसणारं नाव गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर भलत्याच फॉन्टमध्ये उमटेल. त्यामुळे वेबच्या प्रतीत अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत रूपांतर करा, छापखान्याच्या भाषेत ‘कर्व्ह’ करा. कर्व्ह केलेलं नाव सर्च इंजिनला किंवा पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, म्हणून चित्राच्या पर्यायी मजकुरात ते मराठीत टाइप करून ठेवा.

छपाईचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

माझं पहिलं ऑफसेटचं काम चटणीच्या लेबलाचं होतं. पीडीएफ थेट इंकस्केपमधून काढून दिली. छापून आलं तेव्हा मोठं नाव झकास होतं, पण घटक पदार्थांची बारीक ओळ धुरकट, अक्षरांच्या कडेला निळसर-लालसर सावली. चूक छापखान्याची नव्हती. १.४ पर्यंतचा इंकस्केप पीडीएफ आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतच काढतो. तो काळा रंग छपाईसाठी बदलताना निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शाईंत वाटला गेला होता. चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षर चौपट होऊन उमटतं. काळा मजकूर एकट्या काळ्या प्लेटवरच पाहिजे.

यावर माझा ठरलेला मार्ग असा. इंकस्केपमध्ये डिझाइन पूर्ण करायचं, एक प्रत करून तिच्यातली अक्षरं कर्व्ह करायची आणि ती एसव्हीजी स्क्रायबसमध्ये घ्यायची. तिथे रंगांच्या यादीत ‘फ्रॉमएसव्हीजी’ने सुरू होणारी नावं दिसतात. एकेक उघडून ते सीएमवायके, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंचे करायचे. काळ्यासाठी पहिले तीन आकडे ० आणि शेवटचा १००. हळदीचा पिवळा, मिरचीचा लाल हे छपाईत चांगले उतरतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा मात्र कागदावर दबतोच, तो आधीच मवाळ करून घ्यावा. मग पीडीएफ/एक्स-३ ही छपाईसाठीची पीडीएफ काढायची. घोस्टस्क्रिप्ट हे जोडसॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये बाकीच्या तीन शाई बंद करून फक्त काळी बघता येते. बारीक मजकूर तिथे भरीव काळा दिसला की मी निर्धास्त होतो. इंकस्केपचे ब्लर स्क्रायबसमध्ये येत नाहीत, म्हणून लेबलावर मऊ सावल्या घेऊच नका. सपाट रंगातलं लेबल बरणीवर लांबूनही जास्त ठळक दिसतं.

सुरुवातीला तुम्हाला दोन-तीनशेच लेबलं लागणार असतील, तर ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका. १३ बाय १९ इंची स्टिकर शीटवर डिजिटल प्रिंट घ्या, तिथे आरजीबी पीडीएफ चालते. ९० बाय ६० मिमीच्या लेबलाला चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं तर ते ९६ बाय ६६ होतं, आणि शीटवर ३ आडवी, ७ उभी अशी २१ बसतात. ही मांडणी कॉपी-पेस्टने करू नका. एडिट मेनूत क्लोनमध्ये (मूळ चित्राशी जोडलेल्या प्रती) टाइल्ड क्लोन्स आहे, तिथे आडव्या ओळी आणि उभ्या रांगा किती ते सांगितलं की काम होतं. नंतर मूळ लेबलावर किंमत बदलली तर २१ ठिकाणी आपोआप बदलते. या एका सोयीपायी मी कितीतरी संध्याकाळी वाचवल्या आहेत. तीन मसाले तीन पानांवर एकाच फाइलमध्ये ठेवता येतात, अनेक पानांची सोय २०२२ च्या १.२ आवृत्तीपासून आहे. त्यामुळे जुनी आवृत्ती घेऊ नका.

जुनी म्हटल्यावर आठवलं. इंटरनेटवरून कुणाचं तयार टेम्प्लेट घेतलंत तर माप मोजून बघा. ०.९२ आवृत्तीत इंचाला ९० पिक्सेलऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात झाली. त्याआधीची फाइल उघडताना इंकस्केप मापाबद्दल विचारतो, तिथे चुकीचं उत्तर निवडलं तर ९० मिमीचं लेबल ८४ मिमीच्या आसपास येतं आणि बरणीवर लावल्यावरच कळतं.

बारकोडही इंकस्केपमध्येच होतो. एक्स्टेन्शन्समध्ये रेंडरखाली तो आहे, क्यूआर कोडही तिथेच. क्रमांक मात्र बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो, मनाने टाकायचा नसतो. ईएएन-१३ या १३ अंकी बारकोडचं मूळ माप ३७.२९ बाय २५.९३ मिमी आहे, ते ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. जागा कमी पडते म्हणून बारकोड चेपणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. पट्ट्या शुद्ध काळ्या आणि मागची जागा पांढरी ठेवा.

एक अडचण तुम्हाला नक्की येईल. छापखान्यात पहिला प्रश्न असतो, ‘सीडीआर फाइल आहे का?’ सीडीआर म्हणजे कोरलड्रॉची फाइल. इंकस्केप ती थोडीफार उघडतो, पण सीडीआर काढून देत नाही. अशा वेळी ‘कर्व्ह केलेली पीडीएफ आहे, ब्लीडसकट’ असं सांगा, बहुतेक ठिकाणी चालतं. ऑपरेटरला ऐन वेळी मजकूर बदलायला लावायची सवय असेल तर मात्र अडेल, कारण कर्व्हमध्ये अक्षर दुरुस्त करता येत नाही. आणि आधीचं लेबल कुणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं असेल, तर ती फाइल वाचवायच्या नादी लागू नका. मजकूर ‘ejkBh’ सारख्या गिचमिडीत दिसेल. तो नव्याने युनिकोडमध्ये टाइप करणं लवकर होतं.

पूर्ण छपाई सांगण्याआधी एक शीट काढून घ्या, लेबल कापून खऱ्या बरणीवर लावा आणि दुकानातल्यासारखं हातभर अंतरावर धरा. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांक तिथून चष्म्याशिवाय वाचता येत नसेल, तर अक्षर वाढवा, फॉन्टचं जाड रूप निवडा आणि पुन्हा एक शीट काढा.