बीटलचं इंजिन घरी उघडताय ना? मग पिस्टन सेटची ऑर्डर आधी थांबवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची बीटल डिचोलीच्या घरी बरीच वर्षं उभी आहे, इंजिन हाताने फिरत नाही, मेकॅनिक म्हणतो ब्लॉक-पिस्टनचा, म्हणजे सिलिंडर आणि पिस्टनचा सेट मागवा, केसला म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्याला काही होत नसतं, आणि तुम्हाला हे काम स्वतः घरच्या पडवीत करायचंय आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गाडी रस्त्यावर हवीय. तर पहिलं उत्तर, हो, घरी करता येतं, एअर-कूल्ड फोक्सवॅगन हे घरी खोलता येण्यासारख्या इंजिनांतलं सगळ्यात चांगलं इंजिन आहे, रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, गिअरबॉक्सला चार बोल्टवर लटकलेलं साधारण शंभर किलोचं वजन, जॅकवर घेऊन मागून खाली उतरवायचं. पण सेटची ऑर्डर आजच थांबवा. आणि चवथीचं डोक्यातून काढून टाका, का ते पुढे सांगतो.

पिस्टन-सिलिंडर हा या इंजिनातला सगळ्यात सोपा भाग आहे, पैसे दिले की नवा मिळतो. इंजिनाचं आयुष्य केसवर आहे. ही केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, उभी दोन भागांत कापलेली, मध्ये क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसतात आणि दोन्ही भाग एकमेकांवर नुसते दाबून बोल्ट होतात, मध्ये गॅस्केट नाही. इतकी वर्षं क्रँक आतून ठोके मारत असते, त्यात मधल्या दोन नंबर बेअरिंगची जागा सगळ्यात आधी ढिली पडते, गोल असलेली बैठक लंबगोल होते, मग त्यात नवं कोरं बेअरिंग घातलं तरी ते आत हलणारच. असं झालं की इंजिन गरम झाल्यावर स्लो रनिंगला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो. आणि अशा केसवर नवे पिस्टन घातले तर कॉम्प्रेशन वाढतं, ठोके आणखी जोरात बसतात, म्हणजे वरचं काम जितकं चांगलं तितकी खालची केस लवकर जाते. केसला काही होत नसतं हे वाक्य म्हणून मला अजिबात पटत नाही, कुणीही सांगितलं तरी.

त्याच्याही आधी, तुमच्याकडे नक्की कुठलं इंजिन आहे ते बघा. गोव्यात पोर्तुगीज काळात परदेशी गाड्या सहज यायच्या, तुमची गाडी १९५४ नंतरची पण १९६१ च्या डिसेंबरआधीची म्हणजे मुक्तीच्या आधीची असेल तर मूळ इंजिन ११९२ सीसीचं असणार. पण त्यातही दोन प्रकार, १९६० च्या ऑगस्टपर्यंत ३० पीएसचं आणि त्यानंतर ३४ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), आणि दोन्हीचा बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७७ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ६४ मिलिमीटर असली तरी केस, सिलिंडर, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण एकमेकांना बसत नाहीत. ओळखायची सोपी खूण म्हणजे जनरेटरचं स्टँड, जुन्या ३० पीएसला ते केसमध्येच ओतलेलं असतं, पुढच्यांना वेगळं बोल्टने बसवलेलं असतं. अशा किती तरी गाड्यांना मधल्या काळात कुणीतरी १६०० चं इंजिन टाकलेलं असतं, त्याचा बोअर ८५.५ आणि स्ट्रोक ६९, म्हणजे १५८४ सीसी. गाडीच्या वयावरून सेट मागवला आणि इंजिन दुसरंच निघालं तर कस्टम भरून आलेला माल घरात पडून राहतो. १६०० निघालं तर तुमचं नशीब चांगलं, कारण मेक्सिकोत बीटल २००३ च्या जुलैपर्यंत बनत होती आणि ब्राझीलमध्ये एअर-कूल्ड कॉम्बी व्हॅन २००५ पर्यंत, त्यामुळे १६०० चं सामान आजही नवं मिळतं. खाली आकडे देतोय ते १६०० चे आहेत, ११९२ निघालं तर कळवा, काही मापं वेगळी आहेत.

इंजिन उतरवताना एकच सांगतो. गाडी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर ठेवू नका. आपल्याकडे घराघरात चिरे पडलेले असतात आणि सगळे सहज तेच लावतात, पण चिरा दाबाखाली भुगा होतो, पावसात भिजलेला तर नक्कीच. लोखंडी स्टँड घ्या, खाली सिमेंटची जमीन हवी, बॅटरीची तार आधी काढा, पेट्रोलची नळी बंद करा आणि मगच खाली शिरा.

जाम इंजिनाला पुलीच्या नटावर मोठा पाइप लावून फिरवायला जाऊ नका. बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. प्लग काढून आत डिझेल आणि ऑइल ओतून ठेवा, काही दिवस जाऊद्या, मग हेड काढून सिलिंडर लाकडी ठोकळ्याने हळूहळू सोडवा. हेडचे नट काढताना प्रत्येक स्टडकडे, म्हणजे केसमध्ये रुतवलेल्या लांब बोल्टकडे, लक्ष द्या, जुन्या १० मिलिमीटरच्या स्टडचे आटे मॅग्नेशियममधून उपटून येतात. आला तर घाबरू नका, तिथे स्टीलचा इन्सर्ट, म्हणजे आटे असलेली नळी, बसवता येतो आणि माझं मत विचाराल तर केस लेथवाल्याकडे जाणारच असेल तर सगळ्याच स्टडना इन्सर्ट मारून घ्या. आणि केसजवळ गॅसचा टॉर्च कधीच आणू नका, ड्रिलिंग करताना पडणारा मॅग्नेशियमचा कीस पेटला तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतो. कोरड्या वाळूची बादली बाजूला ठेवा.

आता मोजणी, आणि इथे घाई करायची नाही. दोन्ही भाग साफ करून क्रँक न घालता केस रिकामीच जोडा, सहा मोठे नट ३४ न्यूटन मीटरवर (आवळायच्या जोराचं माप), बारके ८ मिलिमीटरचे २० वर. मग बोअर गेजने, म्हणजे भोकाचा आतला व्यास मोजायच्या साधनाने, एक, दोन आणि तीन नंबर बेअरिंगच्या बैठका मोजा, प्रत्येक बैठक दोन दिशांनी, एकदा जोडाच्या रेषेजवळ आणि एकदा तिच्या काटकोनात. ६५.०० ते ६५.०२ मिलिमीटर यायला हवं. त्याच्या वर गेलं किंवा दोन दिशांत फरक पडला तर लाइन बोअरिंग लागणार, म्हणजे बैठका ओळीत कापून मोठ्या करायच्या आणि बाहेरून अर्धा मिलिमीटर मोठं बेअरिंग घालायचं. क्रँकचं ग्राइंडिंग, म्हणजे झिजलेला क्रँक घासून गुळगुळीत करणं, वेगळं, तिथे बेअरिंग आतून पाव किंवा अर्धा मिलिमीटर लहान लागतं. आता कळलं असेल सामान आधी का मागवायचं नाही, केसचं आणि क्रँकचं ही दोन मापं हातात आल्याशिवाय कुठलं बेअरिंग मागवायचं हेच ठरत नाही. आपल्याकडे ट्रॉलरची, ट्रकची इंजिनं करणारे चांगले कारागीर आहेत, क्रँक ग्राइंडिंग ते करतीलही, पण दोन भागांची केस लाइन बोअर करायला त्याचं वेगळं हत्यार लागतं आणि ते काम आधी केलेला माणूस लागतो, त्यासाठी बेळगाव-कोल्हापूरकडे चौकशी करावी लागली तरी करा. फोनवर एकच विचारा, फोक्सवॅगनची केस केली आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर केस पाठवू नका.

केस परत आल्यावर आतल्या ऑइलच्या वाटांची तोंडं बंद करणारे ॲल्युमिनियमचे प्लग ड्रिल करून काढा, आटे पाडून स्क्रूचे प्लग बसवता येतात. त्या वाटांत जुना गाळ आणि मशिनिंगचा कीस असतो, ब्रश आणि हवा मारून दुसऱ्या टोकाला पांढरं फडकं धरा, ते पांढरंच राहीपर्यंत थांबायचं नाही. नवं इंजिन पहिल्याच दिवशी मरतं ते बहुतेक या किसामुळे.

जोडणीत एक गोष्ट बारकाईने सांगतो कारण तिथे फार नुकसान होतं. एक, तीन आणि चार नंबरची बेअरिंगं अख्ख्या गोल कड्यासारखी असतात आणि केसमधल्या छोट्या डॉवेल पिनेवर, म्हणजे बारीक खुंटीवर, बसतात. पीन बेअरिंगच्या भोकात नीट गेली नाही आणि तुम्ही नट आवळलात तर पीन बेअरिंगला आतून फुगवटा आणते आणि क्रँक तिथेच अडकते. यासाठी क्रँक घालायच्या आधी एकेक बेअरिंग नुसतं केसच्या अर्ध्या भागात पिनेवर बसवा, बोटाने हलवून बघा, बसलं की केसच्या कडेला लागून त्यावर सुईने रेघ मारा. नंतर क्रँकसकट ठेवताना ती रेघ केसच्या कडेला आणली की पीन भोकात आपोआप जाते, आणि जाताना बारीक खटका हाताला जाणवतो. कॅमच्या गिअरवरची एक टिकली क्रँकच्या गिअरवरच्या दोन टिकल्यांच्या मध्ये यायला हवी, दोनदा बघा, दुसऱ्याला बोलावून दाखवा. फ्लायव्हीलकडची, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूच्या जड चाकाकडची, कॅमची टोपी विसरू नका, वरच्या भागातले टॅपेट, म्हणजे कॅमवर टेकणारे ठोकळे, ग्रीस लावून चिकटवून ठेवा, नाहीतर केस उलटी करताना खाली पडतात. जोडाला सीलंटचा पातळ थर, फार नको, जास्तीचा आत जाऊन ऑइलची वाट बंद करतो. नट आवळत असताना दर थोड्या वेळाने क्रँक हाताने फिरवत राहा, जड वाटली त्या क्षणी थांबा आणि उघडा. आवळल्यावर मोकळी होईल असं कुणी म्हणालं तरी उघडाच.

क्रँकचा एंड प्ले, म्हणजे क्रँक पुढे-मागे किती सरकते ते, ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर लागतो. ऑइल सील न लावता फक्त दोन शिम (पातळ वॉशर) घालून फ्लायव्हील बसवा, डायल गेज लावून पुढे-मागे ढकला, जो आकडा येईल त्यातून ०.१० वजा करा, उरेल तेवढ्या जाडीची तिसरी शिम. शेवटी फ्लायव्हीलचा मधला नट साधारण २९४ न्यूटन मीटर, म्हणजे एक मीटरच्या पाइपच्या टोकाला ३० किलोचा भार, अंदाजाने उड्या मारून नाही तर मोजून. हा नट ढिला राहिला तर फ्लायव्हील क्रँकवर खेळतं आणि दोन्ही खराब होतात.

वरचं काम भराभर सांगतो. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे, रिंगेचा गॅप सिलिंडरमध्ये घालून ०.३० ते ०.४५, पुशरॉडच्या, म्हणजे टॅपेटपासून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या काड्यांच्या, नळ्या बसवण्याआधी ओढून साधारण १९० मिलिमीटर करा नाहीतर ऑइल गळत राहील, हेडचे नट १० मिलिमीटरच्या स्टडला ३१ आणि ८ च्याला २५ न्यूटन मीटर, टप्प्याटप्प्याने आणि क्रमाने. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जुने परत घालू नका, कितीही चांगले दिसले तरी. टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ०.१५ मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि फायरिंग ऑर्डर १-४-३-२.

आता पावसाचं. आपल्याकडे जुलैत ओतीव लोखंडाचा सिलिंडर डिझेलने धुवून उघडा ठेवला तर सकाळपर्यंत त्यावर तांबूस थर येतो, म्हणून पावसात खोला, धुवा, मोजा, लगेच ऑइल चोळून प्लास्टिकमध्ये बांधा, आणि जोडणी दसऱ्यानंतर कोरड्या हवेत करा. केसला मशिनिंगला जाऊन यायलाही तेवढा वेळ लागतोच. चवथीचा आग्रह धरलात तर यातलं काहीतरी गाळावं लागेल आणि ते बहुतेक मोजणीच असेल.

थंड ठेवायचं सामान सगळं परत बसलं पाहिजे, एकही पत्रा बाहेर राहता कामा नये. इंजिनाच्या भोवतीचं रबर सील तुटलेलं असेल तर खालची एक्झॉस्टची गरम हवा वर येऊन पंखा तीच परत ओढतो, मग चोर्ला घाट चढताना इंजिन भाजून निघतं. जुन्या शिरस्त्याच्या पंख्याच्या आवरणात ऑइल कूलर आतच उभा असतो आणि तीन नंबर सिलिंडरची हवा त्यामुळे कमी पडते, तीनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटायचं ते एक मोठं कारण, १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला काढला ते याचसाठी. आवरण उघडलं की आत उंदराचं घरटं आहे का बघा, उभ्या गाडीत हमखास असतं. आणि गोव्यात कुठे थंडी म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे थंड इंजिनाची हवा रोखून ते लवकर गरम करणारा भाग, काढून टाकायचा सल्ला सगळे देतात, तो ऐकू नका, ऑइल लवकर गरम झालं तरच त्यातली पाण्याची वाफ निघून जाते, आणि आपल्या दमट हवेत बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत ती साठून झाकणाखाली पांढरा फेस होतो.

पेट्रोलच्या जुन्या कापडी नळ्या एकही ठेवू नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं, आणि कार्ब्युरेटरपासून डिस्ट्रिब्युटर वीतभर अंतरावर आहे, बीटल जळतात त्या अशाच. इथेनॉल चालेल असं लिहिलेली नळी घ्या, प्रत्येक टोकाला क्लिप लावा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना अडीच लिटर ऑइल, आपल्या हवेला २० डब्ल्यू ५० चं साधं मिनरल, झिंक भरपूर असलेलं. प्लग काढून स्टार्टरने फिरवा, ऑइलचा दिवा विझला की मग प्लग लावा. चालू झालं की स्लो रनिंगवर सोडू नका, नव्या कॅमला पहिली वीसेक मिनिटं २००० च्या आसपास आरपीएम लागतो, पूर्ण थंड झाल्यावर टॅपेट परत बघा. ५०० किलोमीटरला ऑइल बदला, खालची जाळी काढून धुवा, या इंजिनाला वेगळा फिल्टर नाही, जाळीच आहे, तिच्या प्लेटचे नट फक्त ७ न्यूटन मीटर. जाळीत काय अडकलंय ते फडक्यावर पसरून उन्हात बघा, बारीक करडी पूड चालते, चमकणारा तुकडा दिसला तर गाडी उभी करा आणि मला फोटो पाठवा.

डायल गेज आणि त्याचा लोहचुंबकाचा स्टँड माझ्याकडे आहे, फोंड्याला येणं झालं तर घेऊन जा, बोअर गेज मात्र लेथवाल्याकडूनच मिळेल.