बँकॉकचं तिकीट, अंगातला ताप आणि लपवलेला मुक्काम

कोरोनाच्या साथीत, गेल्या दोन आठवड्यांत परदेशवारीबद्दल आलेली बरीच पत्रं थायलंडची आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी घरी खरं कारण सांगितलेलं नाही. प्रश्न स्पष्ट विचारले आहेत, म्हणून उत्तरंही स्पष्ट देत आहोत. ही उत्तरं १४ मार्च २०२० रोजी लिहिली आहेत. नियम रोज बदलताहेत, तेव्हा काहीही करण्याआधी त्या दिवशीचा नियम पाहून घ्या.

आम्ही चार मित्र पाडव्याच्या आठवड्यात बँकॉक-पट्टायाला जाणार आहोत. पैसे जानेवारीतच भरलेत. कशासाठी जातोय ते वेगळं सांगायला नको. घरी 'ऑफिसची टूर' म्हणून सांगितलंय. तिकडे ऊन कडक असतं, उन्हात विषाणू मरतो असं ऐकलं. जावं का? पैसे परत मिळतील का? (भांडुप)

जाऊ नका. चीनबाहेरचा पहिला रुग्ण थायलंडमध्येच सापडला, १३ जानेवारीला. बाहेर ऊन असलं तरी हा विषाणू माणसाच्या शरीरात ३७ अंशांवर वाढतो, आणि तुम्ही जिथे जाणार आहात ते बार बंद, एसीचे असतात. तिथे गाण्याच्या आवाजात कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलावं लागतं. खोकल्या-शिंकेचे थेंब एक मीटरपर्यंत तर सहज पोचतात, आणि तिथे एवढंही अंतर राहत नाही. कंडोमचा या आजारात काही उपयोग नाही, कारण तो श्वासातून आणि हातांवाटे येतो.

आता कागदपत्रांचं. थायलंडने १३ मार्चपासून ज्या देशांच्या नागरिकांसाठी विमानतळावर मिळणारा व्हिसा थांबवला, त्यात भारत आहे. हातात आधी काढलेला व्हिसा नसेल तर तुम्हाला मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतील. आपल्या सरकारनेही ११ मार्चला अनावश्यक परदेशप्रवास टाळायला सांगितलंय, आणि परत येणाऱ्याला किमान १४ दिवस वेगळं ठेवलं जाऊ शकतं असं बजावलंय. म्हणजे चार रात्रींची 'ऑफिसची टूर' अठरा दिवसांची होऊ शकते, आणि ती घरी कशी सांगणार?

पैशांसाठी एक चूक टाळा : घाबरून स्वतः तिकीट रद्द करू नका. प्रवाशाने रद्द केलं की भाड्याचे नियम लागतात आणि स्वस्त तिकिटात हाती जवळपास काहीच येत नाही. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर परताव्याचा हक्क बराच पक्का होतो. म्हणून सुटण्याच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत थांबा, दरम्यान तारीख बदलून मागा. एजंटकडून विमानभाडं आणि हॉटेल-गाडीचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. फोनवर बोलू नका, ईमेल करा आणि कारण लिहा : 'व्हिसा मिळणं सरकारी आदेशामुळे शक्य नाही.' प्रवास विमा असेल तर 'भीती वाटते' हे कारण चालत नाही. साथ जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तर दावा बहुधा नाकारला जातो. लैंगिक संबंधातून होणारे आजारही बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारली नसलीत तरी. पट्टायाचा हा धंदा व्हिएतनाम युद्धाच्या काळात रजेवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांमुळे फोफावला. आज तिथल्या अनेक बायका ईशान्येकडच्या इसान भागातल्या गरीब घरांतून आलेल्या असतात आणि गावाकडे पैसे पाठवतात. थायलंडच्या १९९६ च्या कायद्याने वेश्याव्यवसाय बेकायदा आहे, त्यामुळे या बायकांना कामगार म्हणून कसलंही संरक्षण नाही. पर्यटक आटले की भाडं थकतं, आणि ज्या बाईचं भाडं थकलंय ती खोकणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही. आजार कोण कोणाला देणार, याचा हिशेब फक्त आपल्या बाजूने करू नका.

पट्टायाहून येऊन नऊ दिवस झाले. शेवटच्या रात्री कंडोम फाटला. कालपासून घसा दुखतोय, अंगात कसकस आहे. केमिस्टकडून अँटिबायोटिकचा कोर्स चालू केलाय. घरी बायको आणि ७२ वर्षांची आई. चाळीतल्या दोन खोल्या, संडास सामाईक. (लालबाग)

आधी ताप. ही ओळ वाचताच महापालिकेच्या १९१६ वर किंवा राज्याच्या १०४ वर फोन करा आणि कोणत्या देशातून, कोणत्या तारखेला, कोणत्या विमानाने आलात ते सांगा. चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण फोन न करता जाऊ नका. लोकलने, बसने, शेअर टॅक्सीने तर नाहीच. या घडीला चाचणी प्रामुख्याने प्रवास आणि लक्षणं पाहून ठरते. पट्टाया लपवलंत तर साधी सर्दी म्हणून औषध देऊन घरी पाठवतील. तिथल्या डॉक्टरांना देश, तारखा आणि विमान हवं आहे. रात्री कोणाबरोबर होतात हे तपासणीच्या तक्त्यात कोणी लिहीत नाही.

मात्र डॉक्टरांना खासगीत फाटलेल्या कंडोमबद्दल सांगा. एचआयव्हीचा नवा संसर्ग झाला की साधारण दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगदुखी येऊ शकते. तुमचा दहावा दिवस आहे, म्हणजे त्यासाठी जरा लवकर, पण अशक्य नाही. एकाच तापाची ही दोन कारणं असू शकतात, आणि त्यातलं एकच सांगितलं तर दुसरं निसटतं.

एचआयव्ही टाळणारी तातडीची औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करायची असतात आणि २८ दिवस घ्यायची असतात. ती वेळ गेली. हेपटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) टाळायची वेळ मात्र अजून गेलेली नाही. संबंधानंतर १४ दिवसांच्या आत लशीचा पहिला डोस, गरज असल्यास इम्युनोग्लोब्युलिनसह (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), देता येतो. लहानपणी लस झाली नसेल तर हे आजच विचारा. पुढचे डोस एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

चाचण्यांचं वेळापत्रक असं. आत्ता एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्तचाचणी) आणि एचबीएसएजी (हेपटायटिस बी ची रक्तचाचणी). ही फक्त सुरुवातीची नोंद, आज निगेटिव्ह आली म्हणून सुटका नाही. दोन आठवडे पूर्ण झाले की गोनोरिया आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांसाठी लघवीची तपासणी. सहा आठवड्यांनी चौथ्या पिढीची (जुन्या चाचण्यांपेक्षा संसर्ग लवकर दाखवणारी) एचआयव्ही चाचणी आणि पुन्हा व्हीडीआरएल. तीन महिन्यांनी दोन्ही शेवटची. सिफिलिसचा फोड यायलाच १० ते ९० दिवस लागू शकतात आणि रक्तात तो त्याहून उशिरा दिसतो, म्हणून घाई उपयोगाची नाही. केईएम, सायन, नायर, जेजे इथल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत आणि गोपनीय होते. शंका असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तीन महिन्यांचा निकाल येईपर्यंत पत्नीशी संबंध ठेवताना दर वेळी कंडोम, आणि रक्तदान अजिबात नाही.

केमिस्टच्या गोळ्या मनाने पुढे चालू ठेवू नका. नाव आणि डोस कागदावर लिहून आजच डॉक्टरांना दाखवा. अर्धवट अँटिबायोटिकने सिफिलिस दबतो, बरा होत नाही, आणि गोनोरियाची कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची) तपासणी फसते. गोनोरियाचं तर विशेष आहे : २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये नेहमीच्या दोन्ही औषधांना दाद न देणारा रुग्ण सापडला, त्याला तो संसर्ग आग्नेय आशियात झाला होता. अंदाजाने गोळी देण्याचे दिवस गेले.

चाचणीचा निकाल येईपर्यंत आईला शक्य असेल तर भावाकडे-बहिणीकडे पाठवा. पण तुम्ही आल्यापासून ती तुमच्या सोबतच आहे, म्हणून आधी १९१६ वर विचारा, आणि तिकडेही तिने १४ दिवस वेगळंच राहायचं. ते जमत नसेल तर तुम्ही खिडकीच्या खोलीत, दार बंद, ताट-भांडं-टॉवेल वेगळा. सामाईक संडासला मास्क लावून, गर्दीची वेळ टाळून, सर्वांत शेवटी जा. तिथली कडी, नळ आणि टमरेल स्वतः पुसा : एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. हातमोजे घाला. हे पाणी संडासच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. पावडर उघड्या डब्यात महिनोन्‌महिने पडलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, नवी आणा. श्वास लागला तर वाट पाहू नका, १०८.

मी पाच महिन्यांची गरोदर आहे. नवरा फेब्रुवारीच्या शेवटी पट्टायाहून आला. 'फक्त मसाज' म्हणतो, पण फोनमध्ये वेगळंच दिसलं. तपासणीला तयार नाही. माझे तिसऱ्या महिन्यातले रिपोर्ट नॉर्मल आहेत. (ठाणे)

ताई, तिसऱ्या महिन्यातला रिपोर्ट फेब्रुवारीनंतरचं काहीच सांगत नाही. तुमची तपासणी त्याच्या होकारावर अडलेली नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकटीनं भेटायचं आहे असं सांगा आणि एवढंच म्हणा : 'पतीचा बाहेर संबंध आला असण्याची शक्यता आहे, माझ्या तपासण्या पुन्हा करा.' एचआयव्ही, व्हीडीआरएल, एचबीएसएजी आत्ता, सहा आठवड्यांनी, आणि पुन्हा आठव्या महिन्यात. गरोदरपणात नव्याने झालेला संसर्ग बाळापर्यंत जाण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हा आग्रह.

काही निघालं तरी उपाय आहेत. सिफिलिसला पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते वेळेत घेतलं तर बाळही वाचतं. हेपटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत, शक्यतो १२ तासांतच, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन. एचआयव्हीत लवकर औषधं सुरू केली तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे चाचणीला तुमची संमती लागते आणि निकाल गोपनीय राहतो. सासूबाईंना तो मागण्याचा अधिकार नाही.

तोवर कंडोमशिवाय नाही म्हणा. जबरदस्ती झाली तर ती कौटुंबिक हिंसाचारच आहे, २००५ च्या कायद्याखाली. पोलिसांची महिलांसाठीची १०९१ ही लाइन आहे. साथीच्या भीतीने तपासणी चुकवू नका, सकाळी लवकर जा. नवरा येऊन १४ दिवस उलटलेत आणि त्याला ताप-खोकला नसेल तर त्या प्रवासातून कोरोना येण्याची चिंता सोडा.

१९ फेब्रुवारीला परतलो, मला काही झालेलं नाही. तरी सोसायटी लिफ्ट वापरू देत नाही. (मुलुंड)

१४ दिवस केव्हाच संपले. पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत सेक्रेटरींना द्या आणि अडवणुकीचं कारण लेखी मागा.

मी अंधेरीच्या एका टूर कंपनीत ग्रुप घेऊन जातो. मालक 'नाइट प्रोग्राम'चे पैसे माझ्याकडूनच गोळा करवून घेतात. एका गिऱ्हाइकाने 'लहान' मुलगी मागितली. परतीच्या फॉर्मवर दुसरंच शहर लिहायला लावतात. मी अडकू शकतो का? (जोगेश्वरी)

होय, आणि मालकापेक्षा आधी तुम्ही, कारण पैसे तुमच्या हातातून जातात. थाई कायद्यात वेश्याव्यवसायासाठी माणूस मिळवून देणाऱ्याला एक ते दहा वर्षं कैद आहे. १५ ते १८ वर्षांच्या मुलीशी पैसे देऊन संबंध ठेवणाऱ्याला एक ते तीन वर्षं, १५ पेक्षा लहान असेल तर दोन ते सहा, आणि तिची संमती विचारात घेतली जात नाही. भारतात आल्यावरही सुटका नाही : भारतीय दंड संहितेचं कलम ४ परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही लागू होतं, आणि १८ वर्षांखालच्या मुलीची संमती आपल्या कायद्यातही मानली जात नाही. खटल्याला केंद्र सरकारची परवानगी लागते, एवढाच फरक.

त्या गिऱ्हाइकाचं बोलणं तारखेसह आजच लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. तिथे असताना असं घडलं तर थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे, मुलांसाठी १३००, इकडे १०९८.

फॉर्मबद्दल : ४ मार्चपासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाची विमानतळावर तपासणी होते आणि स्वयंघोषणापत्र भरून घेतात. कालपासून राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू आहे. खोटं शहर लिहून संसर्ग पसरला तर दंड संहितेची १८८ (सरकारी आदेश मोडणं), २६९ (निष्काळजीपणे आजार पसरवणं) आणि २७० (जाणूनबुजून आजार पसरवणं) ही कलमं लागू शकतात; शेवटच्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. सही ज्याची, जबाबदारी त्याची. ग्रुपमधला एक जण आजारी पडला की महापालिका त्याच्या शेजारच्या आसनांवरच्या, त्याच हॉटेलातल्या, त्याच बसमधल्या लोकांना शोधते. हॉटेलच खोटं असेल तर बाकीच्या प्रवाशांना, ड्रायव्हरला, त्यांच्या घरच्यांना कोणी वेळेत फोन करू शकत नाही. मालकाला ईमेलने कळवा की तुम्ही असे पैसे घेणार नाही आणि खोटा फॉर्म भरून घेणार नाही, आणि त्या ईमेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. मागच्या ग्रुपमधल्या ज्यांनी खोटं लिहिलं, त्यांची खरी मुक्कामाची ठिकाणं आणि तारखा १९१६ वर कळवायला अजून उशीर झालेला नाही.