गाईड आधी की पैसा आधी?

"मॅडम, फेलोशिप नाही म्हणून गाईड घेईनात, आणि गाईड नाही म्हणून फेलोशिप मिळंना. सुरुवात कुठनं करायची ओ?"

बेळगावात, खानापुरात, निपाणीत, जिथे बसते तिथे पीएच.डी. करू पाहणाऱ्यांकडून हा प्रश्न मला ऐकायला मिळतो. गाईड म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक, आणि फेलोशिप म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणारे पैसे. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून. तिला शोभा म्हणू.

शोभा निपाणीजवळच्या खेड्यातली. वडिलांची अडीच एकर, त्यात तंबाखू. आई बिड्या वळते. बी.ए. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात. आमचा भाग न पाहिलेल्यांसाठी सांगते: निपाणी कर्नाटकात, आणि तिला खेटून असलेलं हे कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. पोरं सकाळी राज्य ओलांडून शिकायला जातात आणि दुपारी जेवायला परत येतात. एम.ए. समाजशास्त्र कोल्हापुरातून, ५८ टक्के. पीएच.डी.ला ५५ लागतात, म्हणजे ती अट पुरी होती. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठी आणि फेलोशिपसाठी असलेली देशपातळीवरची परीक्षा, दोनदा दिलेली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलेली.

तिने फोन पुढे केला. अकरा प्राध्यापकांना एकच मेसेज: "सर नमस्कार, मला पीएच.डी. करायची आहे, आपल्याकडे जागा आहे का?" उत्तर एकाचंच आलेलं, तेही तीन शब्दांत. "पेट दिली का?" पेट म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा.

विषय विचारला तर म्हणाली, "महिला सक्षमीकरण : एक समाजशास्त्रीय अभ्यास." मी काही बोलले नाही. तिची आई दाराशी बसली होती, तिच्याकडे वळले.

"मावशी, दिवसाला किती वळून होतात?"

"हजारभर हुत्यात. पर छाट काढला की पैसं कमीचंच."

छाट म्हणजे काय हे मला अर्धवट ठाऊक होतं. शोभाने सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटं थांबली नाही. माल घेणारा कोणत्या बिड्या खराब म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे देत नाही पण बिड्याही परत देत नाही, पान वाईट आलं की छाट कुणाच्या माथी बसते, आणि उलट बोलणाऱ्या बाईची छाट नेमकी कशी वाढते. आतापर्यंत खाली बघून बोलणारी ही मुलगी हातवारे करत होती.

"मग हा विषय का नाही?"

"ह्याच्यावर कोण पीएच.डी. देणार, मॅडम?"

इथेच बहुतेकांचं अडतं, असं माझं मत आहे. पैशावर अडतं ते नंतर. ज्या निपाणीत १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, तिथल्या मुलीला घरातल्या बिड्यांच्या सुपात संशोधन दिसत नाही, कारण तिला कुणी ते दाखवलेलं नाही.

गाईड शोधायला मी तिला शोधगंगा या वेबसाइटवर बसवलं. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. श्रमाच्या प्रश्नावर कुणाच्या हाताखाली काम झालंय ते बघ, म्हटलं, आणि प्रबंधाआधी ऋणनिर्देश वाच. गाईडबद्दल विद्यार्थी मनापासून लिहितोय की रीत म्हणून, ते कळतं. नोंदणी कधी आणि प्रबंध कधी, हेही बघ. मग त्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याशी फोनवर बोल. आणि जागा मोजलेल्या असतात : प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. भरलेल्या दारावर टकटक करून उपयोग नाही.

अकरांचे तीन झाले. तिघांना तिने एकेका पानाचं पत्र लिहिलं, छाटेपासून सुरुवात करून. दोघांनी उत्तर दिलं. एक म्हणाले, पेट दे, मग भेट.

आता पैसा. तिच्या मनात सगळ्या फेलोशिपा एकाच पोत्यात होत्या. खरं तर ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला गाईड लागतच नाही, ती नेटच्या गुणांवर मिळते : पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००. वयाची अट ३०, पण बाईला पाच वर्षांची सवलत, त्यामुळे "वय चाललं" ही घरातली हाकाटी निदान या बाबतीत खोटी होती. आयसीएसएसआर, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था, तिची फेलोशिप महिना २०,००० ची, पण त्या फेलोशिपला पीएच.डी.ची नोंदणी आधी झालेली लागते. म्हणजे आधी काय, याचं उत्तर प्रत्येक फेलोशिपला वेगळं आहे.

सारथीचं, म्हणजे मराठा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या महाराष्ट्र सरकारच्या संस्थेचं, नाव तिने स्वतःच काढलं. कोल्हापुरातल्या तिच्या मैत्रिणीला तिथली फेलोशिप मिळाली होती. ती मराठा, हीसुद्धा मराठा. पण सारथीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो, आणि त्याला साधारण १५ वर्षांचं वास्तव्य. कॉलेज महाराष्ट्रात झालं म्हणून माणूस तिथला होत नाही. कागलचा मामा म्हणाला होता, "माझ्या पत्त्यावर दाखला काढून देतो." मी स्पष्ट नको म्हटलं. खोटा दाखला चौथ्या वर्षी उघडकीला आला तर पैसेही परत द्यावे लागतील आणि पदवीही लटकेल. आपल्याकडे ८६५ गावांच्या यादीवरही, म्हणजे महाराष्ट्र आपली म्हणतो त्या सीमाभागातल्या गावांच्या यादीवर, पोरं फार भरवसा टाकतात. काही प्रवेशांत ती चालते, पण फेलोशिपच्या जाहिरातीत तसं लिहिलेलं नसेल तर चालेल असं धरू नये.

नेटच्या फॉर्मवर तिने दोन्ही वेळा ओबीसी लिहिलं होतं, कारण गावात तीन-ब चा दाखला मिळतो. तीन-ब ही मागास जातींची कर्नाटकाची यादी. नेटला केंद्राची यादी लागते. त्या यादीत आपली जात आहे का हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी तिला वहीत फेलोशिप न येणारे महिने मांडायला लावले. घरी राहून, रोज एसटीने कोल्हापूर, फी आणि झेरॉक्स धरून महिना ७,०००. दहावीच्या शिकवण्यांचे ४,५००. तूट महिना अडीच हजार, वर्षाला ३०,०००. भाऊ कागलच्या एमआयडीसीत. तो म्हणाला, एक वर्ष मी भरतो, पुढचं माहीत नाही. मला हे उत्तर आवडलं. "बघू काहीतरी" म्हणणाऱ्या भावांपेक्षा हा बरा. त्याच आठवड्यात तिला कुणीतरी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, करून देण्याचे पैसे सांगितले. नेमके ३०,०००.

पेट झाली, मुलाखत झाली, नोंदणी झाली. नेट मात्र तिसऱ्यांदाही फेलोशिपला लागणाऱ्या गुणांच्या खाली राहिली. चौथ्या खेपेला मिळाली, तोवर नोंदणीला अकरा महिने झाले होते. ते अकरा महिने वहीतल्या हिशोबावर निघाले, त्यांचे पैसे मागून मिळत नाहीत. पहिला हप्ताही लगेच आला नाही, कारण विद्यापीठाने दरमहा हजेरीची ऑनलाइन पुष्टी केल्याशिवाय पैसे हलत नाहीत. शोभा दर महिन्याला त्या टेबलासमोर जाऊन उभी राहायची.

परवा आली तेव्हा पैशाचा विषयच नव्हता. प्रश्नावली मराठीत केली होती, आणि निम्म्या बायका कन्नड बोलणाऱ्या निघाल्या. शोभाला कन्नड जेमतेम वाचता येतं. आईला मात्र कारखान्यातल्या मैत्रिणींमुळे फाडफाड येतं, म्हणून आता आई दुभाषी म्हणून घरोघर बरोबर फिरते. मावशी या वेळीही दाराशीच बसल्या होत्या.

"मॅडम, तिला वर्साला दहा हजार वरखर्चाचं वायलं मिळत्यात म्हणं. माझी दिसाची बिडी बुडतीया, त्येचं त्यात बसतंय का बघा की."

मी शोभाला म्हटलं, गाईडना विचारून बघ.