बरीच वर्षं विश्वासात आहे, पण आता सगळं सवयीचं झालंय. अजून खोलवर कसं जावं?

बाप्तिस्म्याला वीस वर्षं झाली, उपासना चुकत नाही, वाचन-प्रार्थना रोजची आहे, तरी आत काही हलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही हेच झालं होतं. तेव्हा मला 'अजून वाचा' असा सल्ला मिळाला. तो मी तुम्हाला देणार नाही.

कारण वाचत तर मी होतोच. दरवर्षी अख्खं पवित्र शास्त्र, १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार. वाचून झालं की तक्त्यात खूण. डोळे ओळींवरून पळायचे आणि मन दुसऱ्या दिवसाच्या कामात. शेवटी तक्ता बाजूला ठेवला आणि फक्त मार्कचं शुभवर्तमान घेतलं, रोज एकच प्रसंग.

आठव्या अध्यायात अडलो. बेथसैदाच्या आंधळ्यावर येशू हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. हा प्रसंग एकट्या मार्कने लिहून ठेवलाय. लगेच पुढे शिष्य पेत्र येशूला 'तू ख्रिस्त आहेस' म्हणतो, आणि येशूने आपल्या दुःखाची, मरणाची गोष्ट काढताच पेत्र त्यालाच बाजूला घेऊन दटावतो. म्हणजे पेत्रालाही अजून झाडंच दिसत होती!

त्या आंधळ्याच्या जागी मी असतो तर 'हो, छान दिसतंय' म्हणून घरी गेलो असतो. मंडळीत इतकी वर्षं तेच करत होतो.

माझं धूसर नेमकं कुठे होतं, हे प्रभूच्या प्रार्थनेत सापडलं. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे आलं की माझा आवाज आपोआप खाली जायचा. भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यातली एवढीच एक गोष्ट, क्षमा करण्याची, पुन्हा काढतो, १४व्या-१५व्या वचनात. ती दोन वचनं मी कितीदा ओलांडून गेलो असेन!

फोन करायला तीन आठवडे लागले. बोलणं दोन मिनिटांचं, तेही अवघडलेलं. रडारड, गळाभेट काही नाही.

तुमचं धूसर वेगळं असेल. ते कुठे आहे हे तेवढं देवाला खरं सांगा, शब्द गोड नसले तरी चालतील. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते १५० स्तोत्रांत आहेच. कोरड्या दिवसांत मी तेच मोठ्याने वाचतो.

परवा भावाचा स्वतःहून फोन आला. तक्रार करायलाच, पण आला.