चित्र पाहून कळवळा येतो, पण हक्क कळतो का?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. व्हरांड्यातल्या भिंतीवर बालहक्कांचा मोठा तक्ता लावायचं ठरलंय. मुख्याध्यापक म्हणतात, "नुसती चित्रं काढा, मजकूर कोण वाचत बसतं?" शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, "हक्क ही कायद्याची बाब, ती शब्दांतच सांगायला हवी." तुम्ही इतकी वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढताय, तुम्हीच सांगा. शिवाय, तक्त्यावर आमच्याच मुलांचे फोटो लावले तर चालेल का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, माझं पोट चित्रांवर भरतं, म्हणून मी मुख्याध्यापकांची री ओढेन असं वाटलं असेल, तर तसं नाही.

एग्लंटाइन जेब या ब्रिटिश बाई 1919 मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात पत्रकं वाटत होत्या. पत्रकावर उपासमारीनं खंगलेल्या ऑस्ट्रियन मुलाचं छायाचित्र होतं. त्यांना अटक झाली, पाच पौंड दंडही झाला. त्याच वर्षी त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' ही मुलांना मदत करणारी संस्था सुरू केली आणि मदतीचा ओघ लागला. छायाचित्रानं काम चोख केलं होतं. तरी पुढे त्याच बाई कागद-पेन घेऊन बसल्या आणि मुलांच्या हक्कांचा पाच कलमांचा मसुदा लिहिला. 1924 मध्ये राष्ट्रसंघानं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेनं, तो स्वीकारला. त्यात एक वाक्य आहे : भुकेल्या मुलाला खायला मिळालंच पाहिजे. फोटो पाहून ज्याला वाटेल तो देतो, न देणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. या वाक्यानंतर मात्र विचारता येतो.

आता माझ्या टेबलावरच्या अडचणी सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात 54 कलमं आहेत. 19 वं कलम मुलांना मारहाणीपासून, छळापासून संरक्षण देतं. हे काढायचं कसं? बहुतेक जण छडी उगारलेला हात काढून त्यावर लाल फुली मारतात. पहिलीतलं मूल फुलीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याला छडीच दिसते. 'करायचं नाही' हे चित्रात उतरतच नाही. दुसऱ्या कलमातला 'कोणताही भेदभाव न करता' हा भागही तसाच. मी काढेन त्या मुलीला वेण्या असणार किंवा नसणार, चष्मा असणार किंवा नसणार. घोळका काढला तरी कुणीतरी बाहेर राहतंच, आणि ते मूल चित्रात स्वतःला शोधत बसतं.

बाराव्या कलमानं तर मला फार छळलंय. मुलाला आपलं मत मांडता यावं, आणि त्याचं वय आणि समज लक्षात घेऊन मोठ्यांनी त्या मताला वजन द्यावं, असं ते सांगतं. चित्रकार तोंडाजवळ बोलण्याचा फुगा काढून मोकळे होतात. मुलं म्हणतात, "हा बडबड करतोय." म्हणून मी बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे जास्त लक्ष देते : हातातलं पेन खाली ठेवलेल्या, मुलाच्या उंचीपर्यंत वाकलेल्या बाई. मग बऱ्याच मुलांना उमगतं.

उलट 31 व्या कलमाला चित्रच हवं. विश्रांती, फुरसत, खेळ असे शब्द सरकारी कागदावर वाचून कुणाला आराम वाटलाय? पोटावर पडून, पाय हवेत हलवत, काहीच न करणारी मुलगी काढा, पोरं लगेच हसतात. शिवाय 42 वं कलम म्हणतं की हा करार मोठ्यांइतकाच मुलांपर्यंतही पोहोचवायला हवा. ज्याला अजून वाचता येत नाही, तेही मूलच. तेव्हा तुमच्या शेजारच्या वर्गाच्या बाईंनाही माझा पूर्ण पाठिंबा नाही!

छायाचित्रकार लुईस हाईन यांनी 1908 पासून अमेरिकेतल्या बालकामगारांची छायाचित्रं काढली. सूतगिरणीतल्या एका चिमुरडीच्या फोटोखाली त्यांनी नोंदवलंय : उंची 48 इंच, अर्धं वर्ष काम करतेय. ती ओळ झाका, आणि यंत्रांच्या रांगेशेजारी उभी असलेली एक गोड मुलगी तेवढी उरते. वयाची, उंचीची, कामाच्या तासांची अशी टिपणं असल्यामुळेच ते फोटो पुराव्यासारखे मांडता आले.

तक्त्यावर त्यामुळे दोन्ही ठेवा. चित्रात हक्क उपभोगणारं मूल असू दे, पिडलेलं नको. खाली एकच छोटं वाक्य, आणि ते कुणी पाळायचं हे त्यात नावानिशी. 'या शाळेत कुणी मारणार नाही. मारलं तर मुख्याध्यापकांना सांगा.' त्यांना मजकूर नको असण्याचं हेही एक कारण असेल, कोण जाणे.

फोटोंचं म्हणाल तर खासगीपण हाही मुलाचा हक्कच आहे, 16 वं कलम पाहा. 'भूक' किंवा 'मारहाण' अशा शब्दांशेजारी ओळखीचा चेहरा अजिबात नको, वर्गात त्याला तेच नाव पडेल. बाकी ठिकाणी पालकांची परवानगी घ्याच, पण मुलालाही विचारा, आणि फोटो खळीनं चिकटवू नका. टाचणीनं लावा, म्हणजे उद्या कुणी "माझा काढा" म्हणालं तर लगेच काढता येईल.