मेसच्या कार्डावरचे खाडे

समुपदेशनासाठी येणारे तरुण, आणि त्यांच्याहून अधिक त्यांचे पालक, एक प्रश्न वारंवार विचारतात: एकामागून एक अपयश पदरी पडल्यावर पुन्हा उभे राहण्याचे बळ आणायचे कोठून, आणि थांबलो तर ‘चिकाटी नव्हती’ असा शिक्का बसेल त्याचे काय? उत्तरादाखल एका तरुणाची हकिकत सांगते. ती त्याच्या संमतीने लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तो 2025 च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. वय 29, गाव मराठवाड्यातले, मुक्काम पुण्यात सदाशिव पेठेतील कॉट बेसिसच्या, म्हणजे एका खाटेपुरते भाडे भरून राहायच्या खोलीत. सहा वर्षांत त्याने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेच्या पाच पूर्वपरीक्षा दिल्या होत्या. दोनदा तो मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला होता. या वेळी मात्र पूर्वपरीक्षेतच दीड गुणाने राहिला. त्यात पुढच्या परीक्षेपासून मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याची न राहता वर्णनात्मक होणार असल्याने आजवरचा सारा अभ्यास मातीत गेला, अशी त्याची समजूत झाली होती. “मॅडम, माझ्यात दमच नाही,” हे वाक्य पहिल्या तासाभरात त्याने चार वेळा उच्चारले.

ओळखपत्र काढताना त्याच्या पाकिटातून मेसचे कार्ड खाली पडले. महिन्याच्या तीस चौकोनांपैकी अकरांवरच खूण होती. बाकीचे दिवस काय खाल्ले, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग “चहा-बिस्कीट” म्हणाला. जगणे नकोसे वाटते का, हेही मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. तसे विचार त्याच्या मनात नव्हते, तरीही ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक मी त्याच्या फोनमध्ये साठवून घ्यायला लावला.

दुसऱ्या भेटीत चूक माझ्याकडून झाली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत ‘मला यश मिळालेच पाहिजे’ या हट्टाच्या जागी ‘मिळावे अशी माझी तीव्र इच्छा आहे’ हा विचार रुजवण्यावर भर असतो. पद्धत उपयुक्त आहे, पण मी ती फार लवकर बाहेर काढली. सहा वर्षांचे स्वप्न मोडलेल्या माणसाला आधी त्याचे दुःख करू द्यायचे असते, हे माहीत असूनही मी घाई केली. तो मान डोलावून निघून गेला आणि पुढच्या भेटीला आलाच नाही. त्यानंतर आला तेव्हा महिनाभर आम्ही अभ्यासाचे नावही काढले नाही. दोन वेळचे जेवण मेसमध्ये जाऊनच करायचे आणि सकाळी तळ्यातल्या गणपतीपर्यंत चालत जाऊन यायचे, एवढेच काम त्याच्याकडे होते. “मन लागत नाही, मग जाऊन काय करू?” असे तो विचारी. मन लागण्याची वाट पाहत बसले की ते आणखी खचते आणि पाय हलले की मन मागून येते, हे त्याला माझ्या सांगण्यातून नव्हे तर तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या अनुभवातून पटले.

मग आम्ही हिशेब मांडला. पाच अपयशांच्या त्या यादीत एक वर्ष तर आयोगाचेच होते: एप्रिल 2020 मधील पूर्वपरीक्षा करोनाकाळात पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाऊन अखेर 21 मार्च 2021 रोजी झाली. तेही वर्ष हा मुलगा स्वतःच्या नावावर टाकून बसला होता. प्रश्नपत्रिकेचे विश्लेषण हे खरे तर माझे काम नव्हे, पण शेवटची उत्तरतालिका मी त्याला आणायला सांगितली. आधीच्या वर्षांत शंभरांपैकी ऐंशीच्या आसपास प्रश्न सोडवणाऱ्या या मुलाने या वेळी भीतीपोटी 94 सोडवले होते. अखेरीस अंदाजाने टिपलेल्या चौदांपैकी दोन बरोबर आले, बारा चुकले. दोन बरोबर उत्तरांचे चार गुण मिळाले आणि बारा चुकांचे, प्रत्येकी अर्ध्या गुणाप्रमाणे, सहा गेले. निव्वळ तोटा दोन गुणांचा, आणि तो राहिला होता दीड गुणाने. कागदावरचा तो आकडा तो कितीतरी वेळ पाहत बसला. ‘माझ्यात दम नाही’ या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘शेवटच्या वीस मिनिटांत मी घाबरतो’ या वाक्यावर करता येते.

वडिलांचे फोन तो उचलत नसे, कारण ते पैशांचा विषय काढतील, असे त्याने गृहीत धरले होते. माझ्यासमोर बसून त्याने फोन लावला तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “पास-नापास राहू दे रे बाबा, पण फोन तर उचलत जा.” थांबण्याची रेषा पुढे त्या दोघांनीच ठरवली. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा 38 वर्षे असल्यामुळे आयोग लवकर कोणाला ‘पुरे’ म्हणत नाही. ते ज्याचे त्याला म्हणावे लागते. अनेकांच्या बाबतीत ‘अजून एक अटेम्प्ट’ ही चिकाटी नसून गावी तोंड दाखवण्याची भीती असते, असे माझे स्पष्ट मत आहे. याने आणखी एकच परीक्षा द्यायची, तोवर अर्धा दिवस एका करसल्लागाराच्या कार्यालयात काम करायचे आणि खोलीभाडे स्वतः भरायचे, असे ठरले.

सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि 28 तारखेची पूर्वपरीक्षा 9 नोव्हेंबरवर गेली. त्याच्या घरचे सोयाबीन पाण्याखाली होते. आणखी एक तारीख हुकली म्हणून तो पुन्हा कोसळेल, अशी धास्ती मलाच होती. त्याने मात्र भेटीची वेळ बदलून मागितली, दहा दिवस गावी राहून वडिलांबरोबर चिखल उपसला आणि परत आला.

परीक्षेनंतरच्या आठवड्यात तो भेटायला आला. पेपर कसा गेला, हे मी मुद्दामच विचारले नाही.

“ब्याऐंशी सोडवले,” तो आपणहून म्हणाला.

“आणि बाकीचे अठरा?”

“येत नव्हते, मॅडम. सोडून दिले.”