वाचकांचे प्रश्न : बॅक बेचा भराव कुठे अडला?

प्रश्न : समुद्र भरून जमीन करण्याच्या, १९२०च्या दशकातल्या मुंबईच्या बॅक बे योजनेविषयी वाचताना समुद्रभिंत किती झाली याचीच चर्चा जास्त दिसते. भिंत उभी राहिली म्हणजे बहुतेक काम उरकले, असे समजायचे का?

मुळीच नाही. भिंतीच्या फुटांवरून भरावाची प्रगती मोजू नये. बॅक बेची भिंत म्हणजे समुद्रात ओतलेल्या डबराची लांबच लांब रास. त्यासाठीचा दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने येई. अशी रास लाट अडवते, पाणी अडवत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो आणि दिवसातून दोनदा तेवढे पाणी दगडांच्या फटींतून आतबाहेर करते. समुद्रतळातून खरवडून पाइपाने आत सोडलेल्या गाळातला चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. तो तळाशी बसायच्या आत ओहोटी लागली की पाण्याबरोबर परत समुद्रात. बॅक बेमध्ये नेमके हेच झाले. भिंत दिसायला पक्की, पण भराव तिच्यातून पाझरत राहिला.

अशा भिंतीला आतून अस्तर लागते. मोठ्या दगडाला लागून लहान दगड, मग खडी, मग मुरूम. प्रत्येक थराच्या फटी पुढच्या थराचा कण अडवतील इतक्या लहान हव्यात. हे सगळे गाळ सोडण्याच्या आधी करायचे. एकदा फटींत राडा शिरला की वरून टाकलेला मुरूम त्याच्यावरून घसरतो, बसत नाही.

दुसरी गोष्ट सांडव्याची. गाळाबरोबर आलेले पाणी बाहेर काढायला वाट लागते. ती पाइपाच्या तोंडापासून जितकी लांब तितकी बरी. सांडव्यावर आडव्या फळ्या लावतात आणि भराव चढेल तशी एकेक फळी वाढवतात. बाहेर पडणारे पाणी गढूळ दिसू लागले की फळी चढवायची किंवा पाइपाचे तोंड हलवायचे.

प्रश्न : एवढा मोठा ड्रेजर आणूनही काम का रेंगाळले?

‘सर जॉर्ज लॉइड’ हा कटर-सक्शन ड्रेजर बंदराच्या बाजूचा तळ खरवडून गाळ पाइपाने कुलाब्यापलीकडे बॅक बेमध्ये ढकलत असे. त्याचे प्रत्यक्ष काम अंदाजाच्या फार खाली राहिले. त्याचा परिणाम किती होतो ते आकड्यांतच पाहावे.

एक एकर जागेवर एक फूट भराव म्हणजे १,६१३ घनयार्ड. (ब्रासच्या हिशेबाची सवय असलेल्यांसाठी : सुमारे ४३६ ब्रास.) योजना १,१४५ एकरांची होती. सरासरी खोली १५ फूट धरली तर पावणेतीन कोटी घनयार्डांच्या पुढे माल लागतो. ड्रेजर तासाला २,००० घनयार्ड देईल, रोज १० तास, वर्षाला २०० दिवस चालेल असे धरा. सात वर्षांत काम होते. तोच १,००० देऊ लागला तर चौदा वर्षे. कर्जावरचे व्याज मात्र थांबत नाही. १९२०चे विकास कर्ज साडेसहा टक्क्यांचे होते. म्हणजे अडकून पडलेल्या प्रत्येक कोटीवर वर्षाला साडेसहा लाख, आणि तेही त्या काळचे.

ड्रेजर कमी का देतो? चिकणमाती घट्ट असेल तर कटर तिचे गोळे करतो आणि ते पंपाच्या तोंडाशी अडकतात. पाइप लांबला की घर्षण वाढते, मधे बूस्टर पंप बसवावा लागतो, आणि तो बंद पडला की सगळी लाइन बंद. शिवाय पाइपातून जाते त्यातले बहुतेक पाणीच असते. म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागायचे : तळातून किती कापले, पाइपातून किती गेले, भरावात किती राहिले. खरा आकडा तिसरा. तो काढायला ठरलेल्या रेषांवर दर महिन्याला खोली घ्यावी लागते. इथेही एक खोच आहे. शिशाचा साधा ओळंबा ओल्या गाळात रुततो आणि खोली जास्त दाखवतो, त्याला खाली चपटी चकती लावावी लागते.

प्रश्न : मग योजना बंद कोणी केली? आठपैकी किती विभाग झाले?

मुंबईतले वकील खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी ही योजना राबवणाऱ्या विकास खात्याच्या कारभारावर जाहीर टीकेची झोड उठवली. खात्यातले अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यात नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिचे सदस्य होते. शेवटी मधले ३ ते ६ हे विभाग सोडून दिले गेले आणि १, २, ७, ८ एवढेच उरले. एकूण सुमारे ४४० एकर, त्यातले २३५ एकर लष्कराकडे. मरीन ड्राइव्ह उत्तरेच्या टोकाच्या भरावावर आहे. सोडून दिलेल्या पट्ट्यात स्वातंत्र्यानंतर भराव झाला आणि त्यातल्या एका टोकाला नाव मिळाले नरिमन पॉइंट. ज्यांनी योजनेचे वाभाडे काढले त्यांचेच.

नरिमन यांचे आरोप एका बाजूला ठेवले तरी आमच्या मते मूळ दुखणे तांत्रिक होते. झिरपणारी भिंत आणि कमी पडणारा ड्रेजर, दोन्ही एकाच वेळी.

प्रश्न : १८६०च्या दशकातली बॅक बे कंपनी म्हणजे हीच योजना का?

नाही, ती खासगी कंपनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या पैशावर तिचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कंपनी बुडाली.

प्रश्न : भरावावरच्या जमिनीत आजही काय पाहावे?

चिकणमातीचा थर पाणी सोडत सोडत बसतो. थराची जाडी दुप्पट झाली तर त्याला लागणारा वेळ चौपट होतो, म्हणून जाड भराव अनेक वर्षे बसतच राहतो. जुना किनारा आणि नवा भराव जिथे जुळतात तिथे जमीन असमान बसते. कंपाउंडची भिंत, फरशी आणि ड्रेनेजचे सांधे आधी तिथेच तडकतात. मोठ्या इमारतीचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल घातलेले खांब, खालच्या खडकापर्यंत न्यावेच लागतात. पण इमारत पाइलवर स्थिर आणि भोवतालची जमीन खचती असली की दारातली पायरी दरवर्षी थोडी उंच होत जाते आणि आत येणारी पाण्याची लाइन सांध्यात तुटते. तिथे लवचीक जोड हवा.

पावसाळी गटारांचा उतारही तपासावा. भराव बसला की उतार सपाट होतो, आणि साडेचार मीटरवरची भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी उलटे फिरते. समुद्राकडच्या तोंडाला झडप असेल तर पावसाळ्याआधी तिची बिजागरी आणि तिच्यात अडकलेला कचरा पाहून घ्या. बहुधा झडप मोडलेली नसते, प्लास्टिक अडकून अर्धी उघडी राहिलेली असते.